भाडेकरूसकट घर विकत घेतलं, तर नेमकं काय विकत घेतलं?

घरांच्या छोट्या जाहिरातींत अधूनमधून एक शब्द दिसतो: ‘भाडेकरूव्याप्त’. त्याच वस्तीतली, तेवढ्याच क्षेत्रफळाची दुसरी जाहिरात ‘रिकामा ताबा’ म्हणते आणि तिची किंमत बरीच चढी असते. भिंती त्याच, खिडक्या त्याच, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका तशीच स्वच्छ. मग किंमत का पडली?

मुंबईतल्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढं नाममात्र भाड्यानं राहण्याच्या, इमारतींचा पुनर्विकास बातम्यांत आला की हा गोंधळ वर येतो. एक बाजू विचारते, “मालक तो आहे, मग त्याला स्वतःची जागा रिकामी का करून घेता येत नाही?” दुसरी बाजू म्हणते, “तीन पिढ्या आम्ही इथं राहतोय, मग घर आमचं का नाही?” दोघंही मनापासून विचारतात आणि दोघांचंही अर्धं बरोबर असतं. हा लेख महाराष्ट्रातल्या कायद्यापुरता आहे. दुसऱ्या राज्यात नियम बदलतात, हे आधीच सांगून ठेवते.

मालकी एकाकडे, ताबा दुसऱ्याकडे

घराची मालकी ही एक अखंड वस्तू आहे असं आपण धरून चालतो. खरं तर तो अनेक हक्कांचा जुडगा असतो: स्वतः राहणं, दुसऱ्याला राहू देणं, भाडं घेणं, गहाण ठेवणं, विकणं, मुलांना देणं. घर भाड्यानं दिलं की मालक या जुडग्यातली एक किल्ली काढून भाडेकरूच्या हातात ठेवतो. बाकीच्या त्याच्याकडेच राहतात.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या आहे, आणि तिथं भाडेपट्टा म्हणजे मालमत्तेच्या उपभोगाच्या हक्काचं ‘हस्तांतरण’ असं म्हटलंय. परवानगी नव्हे, हस्तांतरण. मालकानं काहीतरी दिलेलं आहे. आणि जे देऊन झालंय, ते तो पुन्हा तिसऱ्याला विकू शकत नाही.

म्हणून भाडेकरू असलेलं घर घेणारा माणूस दोन गोष्टी विकत घेतो. भाडं मिळण्याचा हक्क, आणि भाडेकरूचा हक्क कधीतरी संपला तर घर परत मिळण्याचा हक्क. त्या ‘कधीतरी’मध्येच सगळी किंमत अडकलेली असते.

मालक बदलला की भाडेकरार संपतो का?

नाही. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली एक बस वाटेत साताऱ्याला कुणी विकत घेतली असं समजा. नवा मालक गाडीत चढून “आता गाडी माझी, सगळे उतरा” असं म्हणू शकेल का? प्रवाशांनी तिकीट काढलंय. गाडी विकली गेली ती त्या प्रवाशांसकट, त्यांना कोल्हापूरला पोचवण्याच्या जबाबदारीसकट. उलट वाटेत आणखी प्रवासी चढले तर त्यांचे पैसे मात्र नव्या मालकाचे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०९ हेच सांगतं. घर विकलं गेलं की नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो, हक्कांच्याही आणि जबाबदाऱ्यांच्याही. भाडेकरूनं नव्यानं सही केली नाही तरी हे नातं आपोआप जुळतं. तरीही व्यवहारात वकील भाडेकरूला एक पत्र पाठवायला लावतात: अमुक तारखेपासून मालक बदलला, भाडं यापुढं अमक्याला द्यावं. त्याला कारण आहे. विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूनं प्रामाणिकपणे जुन्या मालकालाच भाडं दिलं, तर नव्या मालकाला तेच भाडं त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. तसंच विक्रीच्या आधीची थकबाकी ही जुन्या मालकाची. ती नव्याला हवी असेल तर खरेदीच्या व्यवहारात तसं ठरवून लिहून घ्यावं लागतं.

“मला विकणाऱ्यानं सांगितलंच नाही आत कुणी राहतंय म्हणून” ही सबबही चालत नाही. याच अधिनियमाच्या कलम ३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याच्या हक्काची घेणाऱ्याला माहिती होती असंच धरलं जाईल. म्हणजे दार ठोठावून विचारणं हे घेणाऱ्याचं काम. त्यानं ते केलं नाही, तर न विचारल्याचा तोटा त्याचाच.

सगळं त्या कागदावर आहे

‘भाडेकरू आहे’ एवढं ऐकून काहीच कळत नाही. आत राहणाऱ्याच्या हातात कोणता कागद आहे, हे कळलं की सगळं कळतं. सर्वसाधारणपणे तीन तऱ्हा भेटतात.

पहिली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचा, दोन-तीन वर्षांचा करार, डिपॉझिट, दरमहा ठरलेली रक्कम. लोक याला भाडेकरार म्हणतात आणि राहणाऱ्याला भाडेकरू, पण कायद्याच्या नजरेत तो भाडेकरू नाहीच. तो परवानाधारक आहे. जागेतला कुठलाही हक्क त्याच्याकडे जात नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. बसच्या उदाहरणात हा तिकीट काढलेला प्रवासी नव्हे. ड्रायव्हरनं “बस की” म्हणून केबिनमध्ये बसवून घेतलेला माणूस. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ५९ स्पष्ट म्हणतं की परवाना देणाऱ्यानं मालमत्ता विकली, तर घेणारा त्या परवान्यानं बांधला जात नाही. प्रत्यक्षात नवे मालक बहुतेक वेळा उरलेली मुदत पूर्ण होऊ देतात, आणि तेच माणुसकीला धरून आहे. पण घर विकलं तर पुढं काय, हे करारात एका ओळीत लिहिलेलं असलं की दोन्ही बाजूंची झोप नीट होते.

मुदत संपूनही राहत्या घराचा परवानाधारक हलला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. वर, ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाईची तरतूद आहे. हा रस्ता नेहमीच्या खटल्यापेक्षा बराच आखूड. म्हणून लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची किंमत रिकाम्या घरापेक्षा फारशी कमी होत नाही. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला तर घेतल्या दिवसापासून उत्पन्न सुरू होतं, म्हणून ते सोयीचंच वाटतं.

मात्र इथं एक जुना सापळा आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक चालू परवान्यावर जागेत राहत होते, त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती करून थेट संरक्षित भाडेकरू करण्यात आलं. त्यामुळं कुणी “हे काय, लिव्ह अँड लायसन्सवाले आहेत” असं सांगितलं आणि कागद १९७२ सालचा निघाला, तर तिथं परवानाधारक नाही, पक्का भाडेकरू बसलेला आहे. कागदाच्या मथळ्यापेक्षा तारीख मोठी. आणि न्यायालय मथळ्यापेक्षा मजकूर पाहतं, हेही लक्षात ठेवावं. वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलं, पण जागेचा एकहाती ताबा आणि सगळा उपभोग दुसऱ्याला देऊन टाकला, तर तो भाडेपट्टाच ठरू शकतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे खरा भाडेपट्टा. दुकानं, ऑफिसं, बँकेच्या शाखा यांत जास्त दिसतो. पाच वर्षं, नऊ वर्षं, मुदतीत भाड्यात इतकी वाढ, अमुक काळ कुणीच करार मोडायचा नाही, असं सगळं लिहिलेलं. बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ३ नं त्यांना वगळलंय. त्यामुळं तिथं करार म्हणेल तसं. अशी जागा भाडेकरूसकट घेणारे लोक मुद्दाम भाडेकरू शोधतात. चांगली बँक आत असेल तर रिकाम्या गाळ्यापेक्षा तो गाळा जास्त मोलाचा ठरतो. भाडेकरूमुळं किंमत पडतेच, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावं.

आणि तिसरी तऱ्हा, जिच्यामुळं हा लेख लिहावासा वाटला.

पागडी: ना पुरता मालक, ना नुसता भाडेकरू

माझ्या आत्याच्या गिरगावातल्या खोलीत, दाराच्या मागं खिळ्याला एक वाकडी तार लटकत असे. तिच्यात भाडेपावत्या ओवलेल्या. खालच्या पावत्या पिवळ्या होऊन कडांना भुगा झालेल्या, वरच्या त्यातल्या त्यात नव्या. सगळ्यांवर नाव आत्याच्या सासऱ्यांचं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण मालकानं पावतीवरचं नाव बदललं नव्हतं आणि घरच्यांनीही आग्रह धरला नव्हता. रक्कम इतकी लहान होती की भाडं भरायला कुणाला पाठवायचं तर जाण्या-येण्याला जास्त खर्च येई. घरातलं सोनं कपाटात असे, पण ती तार कुणी हलवू देत नसे. लहानपणी मला त्याचं कोडं वाटायचं. त्या तारेलाच त्यांचं घर टांगलेलं आहे, हे पुढं कळलं.

भाडी इतकी लहान का राहिली? मुंबईत भाड्यावर पहिलं बंधन आलं ते पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये. युद्धाच्या काळात शहरात माणसं लोटली, घरं अपुरी पडली, मालक भाडी वाढवू लागले, म्हणून सरकारनं लगाम घातला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा आला आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की इतकी वर्षं भाडी गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. त्यानंतर १९९९ चा अधिनियम आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. पण मूळ आकडाच लहान असेल तर वाढ किती होणार? महिना ३०० रुपये भाडं असेल तर पुढच्या वर्षी ३१२.

भाडं वाढवता येत नाही आणि भाडेकरूला काढताही येत नाही, म्हटल्यावर नवा भाडेकरू ठेवताना मालक सुरुवातीलाच एक मोठी रक्कम मागू लागला. हीच पागडी. भाडेकरू खोली सोडताना पुढच्याकडून तशीच रक्कम घेऊ लागला आणि त्यातला एक हिस्सा, बहुतेक ठिकाणी तिसरा, मालकाला देऊ लागला. जुन्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी ती राजरोस चालायची. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ नं तिला मान्यता दिली.

मग पागडीवाल्याकडे नक्की काय आहे? मालकी नाही. जमीन आणि इमारत मालकाच्या नावावर. पण भाडं भरत राहिलं तर राहण्याचा हक्क आहे, आणि मालकाच्या संमतीनं तो दुसऱ्याला देऊन पैसे घेण्याचा हक्क आहे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं, कलम ७(१५) मध्ये तशी सोय आहे. आत्याच्या तारेवरच्या पावत्यांत मेलेल्या माणसाचं नाव असूनही घर तिच्या कुटुंबाकडे राहिलं ते याच आधारावर. तरी पावतीवर नाव वेळेत चढवून घ्यावं. कोण कोणाबरोबर राहत होतं हे तीस वर्षांनी सिद्ध करत बसणं फार जड जातं.

इमारत पडली तर? शहरातल्या प्रत्येक जुन्या चाळीत ही धास्ती असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, कारण भाडेपट्टा फक्त भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. महापालिकेनं धोकादायक ठरवून इमारत उतरवली, एवढ्यानं कुणाचा हक्क मातीत जात नाही.

मग अशी इमारत कुणी विकत का घेतं?

हिशेब करून पाहू. वीस भाडेकरू, प्रत्येकी महिना ३०० रुपये. महिन्याला ६,०००, वर्षाला ७२,०००. त्यातून मालमत्ता कर आणि दुरुस्ती. कलम १४ प्रमाणं इमारत राहण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाची आहे. जिना एकदा दुरुस्त केला की कित्येक वर्षांचं भाडं संपलं. म्हणून मालक दुरुस्ती टाळतो, इमारत खंगत जाते, भाडेकरू आपल्या खिशातून टेकू लावतात. मी दोन्हींकडची माणसं पाहिली आहेत. मालक म्हणजे दुष्ट आणि भाडेकरू म्हणजे फुकटे, अशी वाटणी करणाऱ्यांना या आकड्यांकडे बघायला सांगावंसं वाटतं. बरेच मालक स्वतः त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, तशाच गळक्या खोलीत राहतात.

घेणारा भाड्यासाठी घेत नाही. तो पुनर्विकासासाठी घेतो. मुंबई शहरात, म्हणजे उपनगरं सोडून, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या आणि दुरुस्ती उपकर भरणाऱ्या इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात. त्यांच्यासाठी विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) ही तरतूद आहे. तिच्याखाली पुनर्विकास झाला तर राहत्या खोलीच्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर, आणि तेही मालकी हक्कानं, मिळतं. विकासकाला जादा बांधकाम करून ते विकता येतं. म्हणजे अशा इमारतीची किंमत भाड्यावर ठरत नाही. भाडेकरूंना घरं देऊन झाल्यावर किती बांधकाम उरेल, आणि भाडेकरू किती लवकर तयार होतील, यावर ती ठरते. त्यामुळं घेणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे भाडेकरूंची प्रमाणित यादी. एक खोली जास्त निघाली तरी गणित बदलतं.

साध्या फ्लॅटची किंमत कशी बघायची?

इथं गणित सरळ आहे. फ्लॅट ८० लाखांचा, दरमहा भाडं २५,००० धरा. वर्षाचे ३ लाख, म्हणजे पावणेचार टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे महिने वजा करा. उरतं त्याहून कमी. मग स्वतःला विचारायचं की हा करार कधी संपतो, आणि संपल्यावर माणूस जाईल याची खात्री किती. मुदत जवळ आणि कागद पक्का, तर सूट थोडी मागावी. मुदत लांब किंवा कागदच नाही, तर सूट भरपूर मागावी किंवा सरळ दुसरं घर बघावं.

मुद्रांक शुल्कासाठीच्या रेडी रेकनरमध्येही, म्हणजे मिळकतींच्या सरकारी दरपत्रकातही, भाडेकरूच्या ताब्यातल्या मिळकतीचं मूल्य वेगळ्या रीतीनं काढतात. रिकाम्या घराच्या दरानं शुल्क भरायला निघालेल्यांनी आधी ते विचारून घ्यावं.

“बारा वर्षं राहिला की मालक होतो ना?”

हा समज इतका पक्का आहे की घरमालक रात्री दचकून उठतात. आणि तो चुकीचा आहे. बारा वर्षांचा नियम आहे तो मुदत कायद्यातला, आणि तो लागतो प्रतिकूल कब्जाला. म्हणजे मालकाचा हक्क उघडपणे नाकारून, त्याच्या विरोधात बसलेल्या माणसाला. भाडेकरू मालकाच्या संमतीनं राहतो आणि भाडं देऊन दरमहा त्याची मालकी मान्य करतो. संमतीनं घेतलेल्या ताब्याला कितीही वर्षं झाली तरी तो प्रतिकूल होत नाही. भाडेकरार चालू असताना भाडेकरूला “तू मालकच नव्हेस” असं म्हणताही येत नाही. पुराव्याच्या कायद्यात तसा नियमच आहे.

मला वाटतं, या समजाचं एक मूळ शेतीत आहे. कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. ‘कसेल त्याची जमीन’ घरोघरी पोचलं आणि ‘राहील त्याचं घर’ असंही असणार, असं लोकांनी धरलं. पण कूळ वेगळं, घराचा भाडेकरू वेगळा. दोघांचे कायदे वेगळे आणि हेतूही वेगळे.

अकरा महिन्यांच्या करारामागंही अशीच एक गैरसमजूत आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून नोंदणी टाळायला अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात तिचा आता काही उपयोग नाही. १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं मुदत कितीही असो, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

“मला स्वतःला राहायचंय, मग तर रिकामं होईल?”

होऊ शकतं, पण आपोआप नाही. संरक्षित भाडेकरूला काढायची कारणं त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत. स्वतःची खरी आणि वाजवी गरज हे त्यातलं एक. पण तिथंही न्यायालय तराजू लावतं: जागा मिळाली नाही तर मालकाचे हाल जास्त, की जागा गेली तर भाडेकरूचे? दोघांचं भागत असेल तर जागेच्या काही भागापुरताच हुकूम देण्याची मुभाही आहे. न विचारता पोटभाडेकरू ठेवणं, संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव, आणि कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणं, हीही कारणं आहेत. शेवटचं फार जणांना माहीत नसतं. गावी राहून मुंबईच्या खोलीला वर्षानुवर्षं कुलूप लावणारी कुटुंबं याच कलमात सापडतात.

थकबाकीचं काय? मालकानं लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली तर त्याला काढता येत नाही. मुंबईत हे खटले लघुवाद न्यायालयात चालतात आणि वर्षानुवर्षं चालतात. घर घेऊन सहा महिन्यांत राहायला जायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी कृपा करून अशा घराच्या नादी लागू नये.

लिलावातलं घर

कर्ज थकलेल्या घरांच्या लिलावाच्या नोटिसा वर्तमानपत्रात येतात. त्यातले दोन शब्द नीट वाचावेत: ‘प्रत्यक्ष ताबा’ आणि ‘सांकेतिक ताबा’. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दारावर नोटीस लावली आहे, आत कोण आहे ते वेगळं. बँक ‘जिथे आहे, जसे आहे’ विकते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भाडे कायद्यानं संरक्षण दिलेल्या भाडेकरूला बँकेच्या वसुलीच्या कायद्याचा बडगा दाखवून बाहेर काढता येत नाही. पुढं २०१९ च्या निकालात हेही आलं की नुसत्या तोंडी दाव्यावर कुणी असं संरक्षण मागू लागला तर ते सहज मिळणार नाही. स्वस्त दिसणाऱ्या लिलावाच्या घरात भाडेकरू आहे का, गहाण पडण्याआधीचा आहे का, त्याच्याकडे कागद आहे का, हे बोली लावण्याआधी तिथं जाऊन बघायचं.

दार ठोठावल्यावर

विकणाऱ्याचे कागद वकील बघतीलच. आत राहणाऱ्याचे कागद तुम्ही बघा. नोंदणीकृत करार मागा, त्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश-उतारा, दुय्यम निबंधकाकडून स्वतः काढा. डिपॉझिट किती आणि ते शेवटी कोण परत करणार? ते जुन्या मालकाकडे असेल तर खरेदीच्या रकमेतून तेवढं वळतं करून घ्यावं, नाहीतर दोन वर्षांनी भाडेकरू तुमच्याकडे मागेल आणि जुना मालक फोन उचलणार नाही. माझ्या ओळखीत हे घडलंय. भाडं कुठवर भरलं आहे, कुणाच्या नावानं, पावत्या आहेत का, वीजबिल कुणाचं आहे, खटला चालू आहे का? आणि शक्य असेल तर भाडेकरूकडून एक साधं पत्र घ्या: मी अमुक तारखेपासून अमुक कराराखाली राहतो, भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, मुदत अमुक दिवशी संपते. विक्रीनंतर त्या पत्राचा आधार मोठा असतो. तो पत्र द्यायला तयार नसेल, तर का नाही हे शांतपणे विचारा. बहुतेक वेळा त्या उत्तरातच खरी गोष्ट कळते.

आणि भाडेकरूनं काय करायचं?

“नवा मालक आलाय, महिन्याभरात निघा म्हणतोय” असं सांगणारी माणसं मला दर काही महिन्यांनी भेटतात. बहुतेकांनी तोवर सामान बांधायला घेतलेलं असतं. थांबा. आधी खरेदीखताची प्रत मागा आणि जुन्या मालकाकडून लेखी कळवून घ्या. खात्री पटेपर्यंत भाडं थकवू नका. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरनं किंवा बँकेतून पाठवा आणि पुरावा जपा. पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३१ तेच म्हणतं. पाणी किंवा वीज तोडून कुणी तुम्हाला पळवून लावू पाहत असेल, तर कलम २९ खाली ते चालत नाही. न्यायालय ती सोय पुन्हा सुरू करायला लावू शकतं. तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर मात्र तुमचं संरक्षण कराराच्या मुदतीपुरतं, आणि नव्या मालकासमोर तेही पातळ आहे. तेव्हा वेळ मागा, डिपॉझिट आधी हातात घ्या, मग किल्ली द्या.

आत्याची खोली पुनर्विकासात गेली तेव्हा पात्रता ठरवायला कागद मागितले गेले. तिच्या मुलानं खिळ्यावरची ती तार जशीच्या तशी, वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती. टेबलापलीकडच्या माणसानं एकेक पावती सोडवून मोजली आणि यादीत त्यांच्या खोलीपुढं खूण केली.